विरघळणारा सांगाडा बसवल्यावरही मांडीची कातडी का लागते?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ सव्वीस वर्षांचा. वडापावच्या गाडीवर कढई उलटून उकळतं तेल उजव्या हातावर आणि मानेच्या पुढच्या बाजूला सांडलं. अकरा टक्के भाजलंय, त्यातलं बरंचसं खोल. डॉक्टर म्हणतात की जळालेला भाग काढून आधी विरघळणाऱ्या पॉलिमरचा (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचा) सच्छिद्र सांगाडा बसवू आणि चार-पाच आठवड्यांनी त्यावर मांडीची पातळ कातडी लावू. तुम्ही वाचलंत की या सांगाड्यात कातडी आपोआप उगवते. मग मांडी सोलायची कशाला, दोन ऑपरेशनं पैशासाठी तर नाहीत ना, आणि हे ‘प्लॅस्टिक’ अंगात कायमचं राहणार का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि नोकरीचा मोठा भाग जळीत वॉर्डात गेलाय. भावाची जखम मी पाहिलेली नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं इथून सांगणार नाही. पण तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतात: त्याचं नेमकं काय गेलंय? ते कळलं की डॉक्टर दोन टप्पे का म्हणतात तेही कळेल.

कातडीचा वरचा थर, एपिडर्मिस, कागदासारखा असतो. बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरच्या आसपास. उन्हात फिरून आल्यावर नाकाची सालपटं निघतात ती याचीच. तो सतत झडतो आणि सतत नवा येतो. त्याच्या खालचा डर्मिस एक ते दोन मिलिमीटरचा, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला. कोल्हापुरी चप्पल ज्या चामड्याची होते ते चामडं म्हणजे जनावराचा डर्मिस. केस आणि वरचा थर कमावताना निघून जातो. कातडीची ताकद, लवचीकपणा, चिमटीत धरली की उचलली जाणं आणि सोडली की जागेवर बसणं, हे सगळं डर्मिसचं काम.

भाजणं वरवरचं असेल तर डर्मिसचा खालचा भाग वाचतो. त्यात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात, त्यांच्यातल्या पेशी वर येतात आणि जखम झाकतात. वरून कापलेलं गवत मुळं शिल्लक असली की पुन्हा फुटतं, तसंच. चहा सांडल्यावर फोड येऊन दोन आठवड्यांत बरं होतं ते यामुळे. तळणाचं तेल मात्र उकळत्या पाण्याहून खूप जास्त तापलेलं असतं, चिकट असतं आणि बाहीत मुरून बसतं. ते मुळांसकट जाळतं. आणि मोठ्या माणसाचा डर्मिस पूर्ण जाडीने गेला की तो शरीराला परत विणता येत नाही.

शरीर मग दोन गोष्टी करतं. कडेकडेनं थोडी कातडी आत सरकवतं आणि उरलेली जखम लहान व्हावी म्हणून कडा एकमेकींकडे ओढून घेतं. पाठीवर छोटी जखम असेल तर ही युक्ती चालून जाते. कोपराच्या लवणीत आणि मानेवर तिनेच माणूस अधू होतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी चुलीवर भाजलेल्या. जखम ‘भरली’ म्हणून घरी सोडलेलं. खालचा ओठ ओढला जाऊन उलटा झालेला, तोंड पुरतं मिटत नव्हतं, पदराचा कोपरा सतत हनुवटीशी, लाळ टिपायला. जखम खरोखरच भरली होती, कागदावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

आता मांडीची कातडी. आपण जी पातळ कातडी काढतो ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरची असते. तिच्यात एपिडर्मिस पूर्ण येतो आणि डर्मिसचा एक पापुद्रा येतो. पापुद्राच घेतो म्हणून तर मांडी पुन्हा दहा-चौदा दिवसांत भरून येते. जास्त जाड काढली तर मांडीवरच नवी जखम होईल. हा पापुद्रा उघड्या जखमेवर धरला की जखम बंद होते, जंतूंची वाट अडते, माणूस वाचतो. पण खाली डर्मिस नसल्यामुळे अशी कातडी पुढे आकसते, कडक होते, खालच्या भागाला चिकटून बसते. सपाट जागी फारसं अडत नाही. मानेवर अडतं.

जखमेचा तळ आणि ही पातळ कातडी यांच्या मधल्या रिकाम्या जागेसाठी सांगाडा आहे. परसात दोडक्याला मांडव घालतात ना, तसा. वेल मांडवावर चढतो, पसरतो, पण मांडवाच्या काड्या स्वतः वेल होत नाहीत, आणि हंगाम सरेपर्यंत त्या कुजून गेल्या तरी चालतात. जखमेच्या तळातून बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू तयार करणाऱ्या पेशी सांगाड्याच्या छिद्रांत शिरतात, तिथे कोलॅजन घालतात, आणि सांगाडा हळूहळू निघून जातो. मागे जे राहतं ते खऱ्या डर्मिससारखं हुबेहूब नसतं, पण व्रणापेक्षा पुष्कळ मऊ आणि हलणारं असतं.

या कल्पनेमागची हकिकत मला आवडते. बोस्टनमध्ये जॉन बर्क हे सर्जन आणि तिथल्या एमआयटी या विद्यापीठातले आयोनिस यानस यांनी १९७०च्या दशकात भाजलेल्या जखमेवर झाकण म्हणून काहीतरी बनवायला घेतलं होतं. गिनीपिगच्या जखमांवर वेगवेगळे पदार्थ लावून पाहताना लक्षात आलं की ठरावीक रचनेच्या कोलॅजनच्या जाळीखाली जखम आकसायला उशीर होतो. जखम लवकर बंद व्हावी असं सगळ्यांना वाटत असताना, उशिरा आकसणारी जखम हीच कामाची, हे त्यांनी ओळखलं. गाईच्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कूर्चेतून काढलेलं कोंड्रॉइटिन सल्फेट मिसळलेली सच्छिद्र जाळी आणि वर सिलिकॉनचा पातळ पडदा, असा त्यांचा दुपदरी तुकडा होता. १९८१ साली त्यांनी निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या १० रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेत ‘इंटेग्रा’ या नावाने त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. छिद्रांचा आकार केसाच्या जाडीच्या आसपासचा लागतो. फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर त्यांना धरायला भिंतच मिळत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय ते कोलॅजनचं नसून कृत्रिम पॉलिमरचं आहे. या प्रकारातला सर्वांत जास्त वापरात असलेला तुकडा ऑस्ट्रेलियात तयार झाला. ॲडलेडचे बर्न्स सर्जन जॉन ग्रीनवुड यांनी तो रुग्णापर्यंत आणला. दोन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा फोम आणि त्याला वरून चिकटवलेला पारदर्शक पडदा. हातात घेतला तर भांडी घासायच्या स्पंजची पातळ चकती वाटेल. फोम विरघळतो. पडदा विरघळत नाही, तो आपण सोलून काढतो. जनावराचं काहीच नसल्यामुळे एक प्रश्न परस्पर सुटतो. कोलॅजनचा तुकडा गाईचा की डुकराचा, हे आमच्याकडे नातेवाईक विचारतात आणि ते विचारणं रास्तच आहे. ऑपरेशन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, म्हणून मी कोणी न विचारताच सांगतो.

अंगात प्लॅस्टिक राहणार का? घरात कुणाचं सिझेरियन झालं असेल तर ‘विरघळणारे टाके’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. व्हिक्रिल नावाचा जांभळा धागा १९७०च्या दशकापासून वापरात आहे. तो ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या साखळीचा असतो आणि साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत नाहीसा होतो. त्याला कुणी खात नाही. शरीरातलं पाणीच साखळीचे दुवे तोडत जातं. तुकडे पुरेसे लहान झाले की पेशी त्यांची विल्हेवाट लावतात. लॅक्टिक आम्ल तर जिना चढताना आपल्या स्नायूंतही तयार होतं. पॉलियुरेथेनचा फोम याच तत्त्वावर पण सावकाश तुटतो, साधारण दीड वर्ष धरा.

मग दोन महिन्यांत विरघळणारंच का वापरत नाहीत? कारण सांगाडा जायचा वेग आणि आतलं काम व्हायचा वेग जुळावा लागतो. लवकर गेला तर नवी ऊती कच्ची असतानाच आधार सुटतो आणि जखम पुन्हा आकसायला लागते. शिवाय एकदम खूप आम्ल सुटलं तर आसपास सूज येते. फार रेंगाळला तर शरीर त्याला कुसळासारखं परकं समजून भोवती गाठ बांधतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं पॉलिमर दोन-तीन वर्षंही टिकतं. ते हाडाच्या कामाला ठीक, कातडीसाठी एकटं वापरावं असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेत विजेच्या दाबाने ओढलेल्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या जाळ्या बनवतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली अगदी खऱ्या डर्मिससारख्या दिसतात, पण बऱ्याचदा धागे इतके दाट बसतात की पेशी वरच पसरतात, आत जातच नाहीत. फोटो सुंदर येतो.

याच लॅक्टिक आम्लाच्या घराण्यातले पातळ पडदे वरवरच्या भाजण्यावर ड्रेसिंग म्हणूनही वापरतात. तिथे खाली मुळं जिवंत असतात, म्हणून पडद्याखाली कातडी खरंच आपोआप येते. ‘पॉलिमर लावलं आणि कातडी उगवली’ अशा बऱ्याच गोष्टी या प्रकारातल्या असतात. तुम्ही वाचलेली त्यातली असू शकेल.

दुसरी गफलत उंदरांची. ‘चौदा दिवसांत जखम पूर्ण भरली’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा उंदराच्या पाठीवरच्या छोट्याशा जखमेबद्दल. मांजरीच्या पिलाला मानगुटीला धरून उचलता येतं ना? तशी ढिली कातडी उंदरालाही असते, खाली स्नायूचा एक पातळ थर असतो, आणि त्याची जखम मुख्यतः आकसूनच बंद होते. आपल्याला नेमकं तेच टाळायचंय. डुकराची कातडी आपल्याशी जास्त जुळते. म्हणून एखादी बातमी वाचली की मी आधी जनावर कोणतं ते पाहतो.

खोल जखमेवर सांगाडा फक्त डर्मिसची जागा भरतो. वरचा थर कुठूनतरी आणावाच लागतो, आणि तो तुमच्या भावाच्याच अंगातला लागतो. दुसऱ्याची कातडी काही आठवड्यांत शरीर नाकारतं. पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्येच ते करून दाखवलं. पण त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आलेला पापुद्रा पाण्यावरच्या सायीसारखा नाजूक असतो, आणि खर्च सांगायलाच नको. ८०-९० टक्के भाजलेल्या माणसाला मांडीच उरलेली नसते तेव्हा त्याचा विचार करतात. अकरा टक्क्यांना आपली मांडी आहे.

आता ते चार-पाच आठवडे प्रत्यक्षात कसे जातात ते सांगतो, कारण खरी परीक्षा तिथे असते. पहिल्या ऑपरेशनात मेलेला सगळा भाग काढून, रक्तस्राव पूर्ण थांबवून, फोम मापात कापून पिनांनी बसवतात. वर घट्ट ड्रेसिंग, कधी व्हॅक्युम मशीन. पारदर्शक पडद्यातून सगळं दिसतं. पहिले काही दिवस फोम रक्त शोषून काळसर लाल दिसतो आणि नातेवाईक घाबरतात. मी दर ड्रेसिंगला बोटाने दाबून पाहतो. सुरुवातीला दाबलं तरी रंग तसाच राहतो, म्हणजे ते नुसतं साचलेलं रक्त. मग एक दिवस असा येतो की दाबल्यावर जागा पांढरी पडते आणि बोट उचललं की हळूहळू गुलाबी होते. रक्तवाहिन्या आत आल्या! वाहिन्या नसलेल्या फोमवर कातडी लावली तर ती उपाशी मरते, म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही एकदम उरकता येत नाही. सगळीकडे हा गुलाबीपणा दिसला की पडदा सोलायचा, पृष्ठभाग थोडा खरवडायचा आणि मांडीची पातळ कातडी लावायची. खाली थर तयार असल्यामुळे ती अगदी पातळ घेतली तरी भागते, म्हणजे मांडीलाही त्रास कमी.

बिघडतं कुठे? जवळजवळ नेहमी जंतुसंसर्गाने, नाहीतर खाली रक्त साचल्याने. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका शेतकऱ्याच्या पायावर कोलॅजनचा सांगाडा घाईने बसवला. एका कडेला सगळं मेलेलं निघालंय का याची शंका होती, दोन दिवस थांबायला हवं होतं. सातव्या दिवशी सिलिकॉनखाली पिवळट पाणी दिसलं, बोट फिरवलं की बुडबुडा सरकायचा. नवव्या दिवशी सगळा तुकडा काढून टाकला. त्या माणसाने त्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या. तेव्हापासून शंका असेल तर मी आधी तात्पुरतं झाकण घालून थांबतो. पॉलियुरेथेनचा फोम या बाबतीत जरा सोशिक आहे. पडद्याला भोक पाडून पू काढून देता येतो आणि फोम बऱ्याचदा वाचतो. पण ‘सोशिक’ म्हणजे हयगय चालते असं नाही. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला येणं जमणार नसेल, घर लांब असेल, सोबत कुणी नसेल, तर मी स्वतः सांगाड्याशिवाय साधी कातडी लावून मोकळा होतो आणि पुढे आकसलं तर तेव्हा सोडवतो.

पैशाबद्दल. ही वस्तू चौरस सेंटिमीटरवर मोजली जाते आणि महाग आहे, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण दोन टप्पे हा या पद्धतीचाच भाग आहे, तुमच्या डॉक्टरांची क्लृप्ती नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: सगळीकडेच लावायची गरज आहे का? बोटांसकट तळहात म्हणजे साधारण एक टक्का. मान, कोपराची लवण, मनगट, आणि जिथे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (टेंडन) किंवा हाड उघडं पडलंय तिथे सांगाड्याचं मोल मी मानतो. पुढच्या हाताच्या सपाट भागावर, तळ चांगला असेल तर, मी बहुधा सरळ अखंड कातडीच लावीन. ‘डॉक्टर, फक्त मान आणि सांधे करून बाकीला साधी कातडी चालेल का?’ हा प्रश्न कुठल्याही चांगल्या सर्जनला आवडेल, आणि त्याने बिलही खूप उतरू शकतं. ते ‘नाही’ म्हणाले तर कारण ऐका. जखम त्यांनी पाहिलीय, मी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजल्याचे उपचार बसतात, पण हा तुकडा त्या रकमेत धरलाय की वेगळा, हे ऑपरेशनआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून नक्की करून घ्या.

जाता जाता, मांडीच्या जखमेसाठी काही महागडं घेऊ नका. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉक्टर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंगं करून १९८५ साली त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि सायन रुग्णालयात निर्जंतुक केलेलं केळीचं पान मांडीच्या जखमेवर वापरून दाखवलं. दोन्ही चिकटत नाहीत, ओल धरतात, काढताना दुखत नाही. (हे घरी करून पाहू नका, तिथे निर्जंतुक करायची रीतसर पद्धत होती.) सायनलाच २०००च्या सुमारास त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांत दान केलेली कातडी ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकते आणि जखम तयार होईपर्यंत तात्पुरतं झाकण म्हणून फार उपयोगी पडते. तुमच्या डॉक्टरांनी मधल्या काळासाठी ती मागवली तर दचकू नका.

काय मिळणार नाही तेही ऐकून घ्या. नव्या कातडीला घाम येणार नाही, केस येणार नाहीत, रंग जुळणार नाही. अकरा टक्क्यांत उकाड्याचा धोका मोठा नसतो, पण भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला तो हात कोरडा आणि तापलेला जाणवेल. दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लागेल, उन्हात बाही लागेल.

आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर लोक दमतात, नेमकं तेव्हाच वर्षभराचं काम सुरू होतं. मापाचे दाबाचे कपडे, अंघोळ सोडली तर दिवसरात्र. मानेला पट्टा, झोपताना उशी डोक्याखाली न घेता खांद्यांखाली, म्हणजे मान मागे राहते. कोपर सरळ ठेवणारी पट्टी रात्री. व्यायाम रोज, दुखलं तरी. उत्तम सांगाडा बसवलेली मान पट्टा न वापरल्याने तीन महिन्यांत आखडलेली मी पाहिलीय, आणि साधी कातडी लावलेली मान एका आईने वर्षभर रोज चोळून, ताणून जवळजवळ पूर्ववत ठेवलेलीही पाहिलीय. तंबाखू, सिगारेट असेल तर आत्ताच बंद. बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फोममध्ये त्याच तर यायला हव्यात. अंडी, डाळ, दूध भरपूर. साखर आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासून घ्या.

एक छोटं काम तुम्ही करू शकता. दर ड्रेसिंगला, सिस्टरना विचारून, खिडकीजवळ, तेवढ्याच अंतरावरून जखमेचा फोटो काढा आणि तारीख टाका. दिवे बदलले की गुलाबी काय आणि लाल काय, ते आम्हालाही नीट कळत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत कडेला पिवळट पाणी, वास, ताप किंवा पडद्याखाली सरकणारा बुडबुडा दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.